तिसरी मूठ

"करंगळी मीट," आई म्हणाली. "अंगठा आत घे. हं, आता भर."

निरीक्षकाने करंगळी मिटली, अंगठा आत घेतला आणि मिठाच्या डब्यात हात घातला. घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं ओट्यावर होतं आणि त्यात पाच किलो मैदा होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते. त्याच्या हातून तोवर झालेल्या चुका आईने दोनदा मोजून दाखवल्या होत्या.

"एवढं?"

"जरा सैल धर. कुणी हिसकावून घेणारे का तुझ्याकडून?"

"आई, एकदा आकड्यात सांग ना."

"तीन मुठी."

"कुणाच्या?"

"माझ्या. म्हणून तर करंगळी मिटायला सांगतेय. तुझा पंजा तुझ्या बाबांचा आहे, सगळंच जास्त येईल त्यात."

आईची स्वतःची मूठ बारा दिवसांपासून प्लास्टरमध्ये होती. पडदे काढायला म्हणून सत्तरी ओलांडलेली बाई स्टुलावर चढली, स्टूल एकीकडे गेलं आणि आई दुसरीकडे. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं तेव्हा तिने विचारलेला पहिला प्रश्न असा होता, की सणाच्या सुट्टीपर्यंत हे निघेल का. निघणार नाही म्हटल्यावर ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मुलाला समोर बसवून म्हणाली, "मग तू कर."

म्हणजे वजनमाप खात्यातला, शहरातल्या निम्म्या दुकानदारांना घाम फोडणारा, वजनकाट्यांखाली लावलेलं चुंबक लांबून ओळखणारा, दहा ग्रॅमच्या फरकासाठी तासभर पंचनामा लिहिणारा हा माणूस आज सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाकघरात उभा होता. आणि आई त्याला कुठलंही माप सांगायला तयार नव्हती. पाणी किती, तर मनगटाला बरं वाटेल इतकं. कांदा किती परतायचा, तर रडणं थांबेपर्यंत. कणीक कधी झाली म्हणायची, तर ती आपण होऊन पातेलं सोडते तेव्हा. तिने चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. समोर न दिसणाऱ्या माणसाला हुकूम देण्याची सवय हाडीमासी मुरलेली. इथे तर माणूस चार फुटांवर उभा होता.

बायको असती तर दोघांच्या मध्ये पडली असती. पण ती परिचारिका, तिची ड्यूटी नेमकी आजच. जाताना ती दारात थांबून म्हणाली होती, "मी संध्याकाळी येते. तोवर एकमेकांना जिवंत ठेवा."

पहिली मूठ पडली.

"दुसरी," आई म्हणाली.

निरीक्षकाने मूठ भरली, पण पातेल्यावर नेण्याआधी ती हळूच ओट्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या काट्यावर उतरवली. काटा त्याचा स्वतःचा होता आणि सकाळीच बॅगेतून काढून त्याने तो पिठाच्या पिशवीआड लपवला होता. पंचावन्न ग्रॅम.

"काय केलंस?"

"काही नाही."

"तो टिंग कशाचा वाजला?"

"माझा फोन."

आईने प्लास्टरचा हात उशीवर नीट टेकवला आणि मुलाकडे पाहिलं. हा माणूस पन्नाशीला आला तरी खोटं बोलताना अजून नाक खाजवतो, हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. पण आज तिच्याकडे भांडायला वेळ नव्हता. अकरा डबे जायचे होते. प्रत्येकात दहा भरलेले पाव, वर बिस्किटांची पुडी. एक तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला, एक एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीला, दोन निरीक्षकाच्या ऑफिसात, एक व्याह्यांकडे, असे सगळे. आणि सगळ्यांत आधी, पहिल्या ट्रेचा, गरम असतानाच जायचा तो मावशीचा.

बाकीचे दहा डबे चुकले असते तरी आईला चाललं असतं. मावशीचा चुकून चालणार नव्हता.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आणि अजूनही समोरच्याला उभं राहूनच उत्तर द्यायला लावणारी. चालत पंधरा मिनिटांवर राहायची. पण या दोन बहिणी गेली नऊ वर्षं एकमेकींशी अवाक्षर बोललेल्या नव्हत्या. फोन नाही, निरोप नाही, रस्त्यात दिसल्या तर दोघींना एकदम समोरच्या दुकानात काम निघे. उरला होता तो एवढा डबा. सणाच्या दिवशी इथून भरलेला जायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथून घासूनपुसून रिकामा परत यायचा. आई तो उजेडात धरून आतून बाहेरून बघे आणि फडताळात ठेवून देई. त्यावरून तिला काय कळत असे ते तिचं तिला ठाऊक.

भांडण याच स्वयंपाकघरात झालं होतं आणि निरीक्षक तेव्हा रिकामे कप घेऊन दारात उभा होता. बाबा एका साप्ताहिकाच्या छापखान्यात होते; त्यांना जाऊन चार दिवस झाले होते. हृदय दोन वर्षं कुरकुरत होतं. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं होतं, आणि बाबांनी ते तोडलं नव्हतं. मावशी खिडकीशी उभी होती. बाहेर बघतच ती म्हणाली, "जरा हात आखडला असतास, तर माणूस आज समोर बसला असता."

आई काहीच बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. मात्र त्या वर्षी सणाला तिने पावाची कणीक भिजवली तेव्हा मिठाच्या तीन मुठी घातल्या, अगदी पूर्वीसारख्या, एक कण कमी नाही, आणि डबा मावशीकडे पाठवला. तेच तिचं उत्तर होतं. माझा हात असा आहे आणि असाच राहील. दर वर्षी ती हे उत्तर नव्याने भाजून पाठवायची, आणि मावशी ते दर वर्षी ठेवून घ्यायची.

"तिला कळता कामा नये," आई आताही म्हणाली. सकाळपासून सहाव्यांदा. "हात मोडलाय हे अजिबात बोलायचं नाही. धावत येईल आणि दया करेल. आणि पाव तू केलेस हे तर मुळीच नाही. म्हणेल, थकली, आता मुलाकडून करून घेते. मग पुढच्या वर्षी डबाच घेणार नाही ती. संपलं सगळं."

"मग फोन करून बोलून का नाही टाकत?"

"काय बोलू?"

निरीक्षकाने मिठाचा डबा पुढे ओढला.

"तिसरी मूठ घाल," आई म्हणाली आणि खुर्चीतल्या खुर्चीत वळून ओव्हनच्या काचेतून आत बघायला लागली. "हा तापलाय की नुसता दिवा लागलाय?"

निरीक्षकाने तिसरी मूठ भरली. मैद्याच्या पुडक्यावर किलोला वीस ग्रॅम असं स्वच्छ छापलं होतं. पाच किलोंना शंभर. दोन मुठींतच एकशे दहा झाले होते. तिसरी पडली की एकशे पासष्ट. त्याची स्वतःची सकाळी आठची रक्तदाबाची गोळी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि बायको घरातल्या मिठाच्या बरणीवर पहारा देत होती. सकाळपासून डोक्याला ताप झाला होता, खांदे भरून आले होते, कानात पीठ गेलं होतं. वर ही बाई पातेल्यात निम्मं मिठागर ओतायला सांगत होती आणि कारण विचारलं तर म्हणत होती, असंच असतं.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी तो बायकोशीही बोलला नव्हता. मावशीचं ते वाक्य त्यानेही नऊ वर्षांत मनातल्या मनात बऱ्याचदा काट्यावर ठेवून पाहिलं होतं. दर वेळी पारडं वेगळ्याच बाजूला झुकायचं.

त्याने नळ सोडला आणि तिसरी मूठ सिंकमध्ये उघडली.

"नळ कशाला सोडलास?"

"हात धुतोय."

"मीठ घातलंस?"

"घातलं."

या वेळी त्याने नाक खाजवलं नाही. दोन्ही हात ओले होते.

त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते विचारू नये. पाच किलो कणीक मळताना निरीक्षकाच्या तोंडून असे शब्द निघाले जे त्याने लबाड व्यापाऱ्यांसमोरही कधी वापरले नव्हते. आई वरून म्हणे, "तिला मार नकोस, समजाव." कणीक फुगायला ठेवली तर दर पाच मिनिटांनी, "फडकं उचलून बघू नकोस, लाजते ती." बटाटा, पालक आणि कांद्याचं सारण भरताना पहिले सहा पाव फुटले. आईने ते डाव्या हाताने बाजूला करवले आणि "हे ऑफिसवाल्यांना," म्हणाली. पाव बंद करायची तिची एक पद्धत होती. कडा ओढून वर आणायच्या, उजवीकडे अर्धा पीळ द्यायचा आणि टोक आत दाबायचं. निरीक्षकाचा पीळ डावीकडे जात होता.

"मावशी पीळ बघेल."

"मावशी पाव खाईल की त्याची तपासणी करेल?"

"तू तिला ओळखत नाहीस."

शेवटी आईने त्याला आरशासमोर उभं केलं. तिने डाव्या हाताने पीळ द्यायचा आणि त्याने आरशात बघून उजव्याने द्यायचा. न्हाणीघरातल्या बेसिनपाशी, कपडे धुण्याच्या यंत्रावर ट्रे ठेवून, मायलेकांनी मावशीच्या डब्यातले दहा पाव असे बंद केले. आठव्या पावाला आईला हसू आलं. पण लगेच मनगट दुखलं म्हणून तिने ओठ मिटले.

पाव भाजून बाहेर आले तेव्हा मात्र निरीक्षक क्षणभर सगळं विसरला. रंग तोच, वास तोच. आईने एक पाव उचलायला लावला, उलटा करून बोटाच्या पेराने वाजवून पाहिला आणि मान डोलावली. खाऊन काही बघितलं नाही. डबे घराबाहेर पडेपर्यंत कुणी तोंड लावायचं नाही, हा या घरातला जुना नियम होता आणि तो करणारी तीच होती.

"विचारलं तर म्हणायचं, आई बरी आहे. तीनच शब्द," दारातून तिने बजावलं. "तू चौथा शब्द बोललास की फसतोस."

रस्त्यावर सुट्टीची शांतता होती. दुकानं बंद, आणि माणसं चांगले कपडे घालून, हातात झाकलेली भांडी सांभाळत इकडून तिकडे चाललेली. मावशीच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून निरीक्षकाने बेल दाबली, तेव्हा त्याला वाटलं, झालं, पाच मिनिटांत सुटलो.

दर वर्षी सगळं ठरल्यासारखं व्हायचं. मावशी डबा घेऊन आत ठेवायची, चहा द्यायची, मुलांच्या परीक्षांचं विचारायची आणि आईचं नाव टाळून आठवडाभराचं हवामान सांगायची. डबा त्याच्यासमोर तिने कधीही उघडला नव्हता.

आज ती डबा हातात घेऊन उभीच राहिली.

"तुझ्या कानात पीठ आहे," ती म्हणाली.

निरीक्षकाचा हात कानाकडे गेला.

"मदत करत होतो जरा."

"तू?"

मावशीने डबा टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि झाकण काढलं. एक पाव उचलून तिने त्याचा पीळ पाहिला. मग फिरवून पुन्हा पाहिला. निरीक्षकाने आयुष्यात शेकडो लोकांना आपल्या तपासणीसमोर असं उभं केलं होतं. आज तो स्वतः तपासणीत उभा होता.

मावशीने पाव मोडला आणि एक घास खाल्ला. चावता चावता ती थांबली. दुसरा घास खाल्ला, नुसत्या पावाचा, सारणाशिवाय. मग उरलेला तुकडा तिने डब्याच्या झाकणावर ठेवला.

"हे तिने पाठवलं?"

"हो."

"तिनेच केलंय? भिजवलं, मीठ घातलं, सगळं तिनेच?"

चौथा शब्द बोलायचा नव्हता. खरं तर तीनही बोलायचे नव्हते, कारण प्रश्न तो नव्हताच. पण आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि निरीक्षक म्हणाला, "हो."

मावशी खुर्चीवर बसली. तिची हनुवटी हलायला लागली आणि तिने ती बोटांनी धरून ठेवली. निरीक्षकाला काही उमगेना. राग येईल, टोमणा येईल, डबा परत मिळेल, या सगळ्याची त्याने तयारी केली होती. आणि मग एकदम त्याला कळलं, आपण काय करून बसलो ते. नऊ वर्षं आई या बाईला एकच उत्तर पाठवत होती. या वर्षी त्या डब्यातून दुसरंच उत्तर आलं होतं. हात आखडलेलं. तुझंच खरं होतं, असं म्हणणारं. आणि ते आईने पाठवलेलंच नव्हतं.

"मावशी, ऐक ना..."

"माझ्या चपला दे."

"कुठे जायचंय?"

"चपला दे म्हणते ना. आणि ते गॅसचं बटण बघ."

"तीन मजले आहेत. लिफ्ट बंद आहे. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत."

तीन मजले उतरायला त्यांना वीस मिनिटं लागली. मावशीने एका हाताने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने निरीक्षकाचा दंड. प्रत्येक पायरीला ती दोन्ही पाय टेकवून श्वास घेई. निरीक्षकाने दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "उतरताना बोलू नकोस, पडेन मी." दुसऱ्यांदा नुसतं बघितलं. रस्त्यावर आल्यावर त्याने ठरवलं, आता सांगायचंच. पण सांगायचं काय? की मीठ मी कमी केलं? म्हणजे ही इथूनच मागे फिरणार, ते तीन मजले पुन्हा चढणार, आणि पुढच्या वर्षी डबा घेणार नाही. नाही सांगितलं तर ती घरी जाऊन आईची क्षमा तरी मागेल किंवा तिला क्षमा तरी करेल, आणि आई मानी बाई, ती असलं काही फुकटचं घेणार नाही. दोन्हीकडून त्याची शंभरी भरली होती. स्वतःचा इतका संताप त्याला पूर्वी कधी आला नव्हता. एका मुठीवरून. छापील पुडक्यावर विश्वास ठेवून.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी थेट स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थांबली.

आई तिच्या खुर्चीत होती. तिला प्लास्टर लपवायलाही वेळ मिळाला नाही.

"हे कधी?" मावशीने विचारलं.

"बारा दिवस झाले," आई म्हणाली. नऊ वर्षांनंतर पहिले शब्द हेच.

मावशीची नजर प्लास्टरवरून पातेल्याकडे गेली, पातेल्यावरून निरीक्षकाच्या कानाकडे. शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागलं नाही.

"म्हणजे हे पाव याने केले."

"हात त्याचे," आई ताठ बसत म्हणाली. "बाकी सगळं माझं. पीळ माझा. मीठ माझ्या मुठीचं. तीन मुठी, माझ्यासमोर घातल्यात."

"दोन," निरीक्षक म्हणाला.

दोघी बहिणींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं.

"दोनच घातल्या. तिसरी सिंकमध्ये टाकली. तू ओव्हनकडे बघत होतीस तेव्हा." मान खाली घालून बोलायची त्याला सवय नव्हती, पण आज ती आपोआप खाली गेली. "जास्त होतंय असं वाटलं मला. मावशी, आईला यातलं काही ठाऊक नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो."

आईला काय झालंय ते कळायला दोन क्षण लागले. मग ती खुर्चीतून उठायला गेली, प्लास्टर खुर्चीच्या हाताला आपटलं आणि ती कळवळून पुन्हा बसली.

"आळणी पाठवलेस? हिला? माझ्या डब्यातून?" आवाज चिरकला. मग ती बहिणीकडे वळली. "मी कमी केलं नाही, ताई. ऐकलंस ना? एक कणही नाही. तुला वाटलं असेल मी मान्य केलं. मी मान्य केलेलं नाही. मी ह्यांना खायला घातलं, मारलं नाही."

मावशी आता परत फिरेल असं निरीक्षकाला वाटलं आणि तो दारातून बाजूला झाला. पण ती आत आली आणि समोरच्या स्टुलावर बसली.

"मला तेच वाटलं," ती म्हणाली. "मान्य केलंस असं. चिमणे, नऊ वर्षं मी वाट बघत होते की तू म्हणशील, हो, चुकलं माझं. आणि आज ते तोंडात आलं तर मला घास गिळवेना."

आईला चिमणी म्हणणारं जगात आता एवढंच माणूस उरलं होतं. डाव्या हाताच्या बोटाने आई टेबलावरचं सांडलेलं पीठ एका जागी ओढत राहिली.

"ह्यांना कमी चालायचंच नाही," ती म्हणाली. बहिणीला नव्हे, त्या पिठाला सांगितल्यासारखं. "मी करून बघितलं होतं. दोन महिने केलं. ताट बाजूला सारायचे. एवढा मोठा माणूस, उपाशी झोपायचा. मग मी घालायला लागले."

"ठाऊक आहे मला."

"तुला कसं ठाऊक?"

मावशीने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"गुरुवारी माझ्याकडे यायचे ते. छापखान्यातून घरी जाताना. दोन उकडलेली अंडी आणि बशीत मीठ. पहिल्यांदा मी नाही म्हटलं, तर म्हणाले, ताई, एवढंच मागतोय. मग मी द्यायला लागले. त्यांच्या शेवटच्या गुरुवारीसुद्धा दिलं."

आईने मघाशी डाव्या हाताने ओव्हनमध्ये ढकललेल्या दुसऱ्या ट्रेचा वास खरपूसच्या पुढे जायला लागला होता. एरवी आईने एव्हाना घर डोक्यावर घेतलं असतं. निरीक्षकानेच फडकं घेऊन ट्रे बाहेर काढला. तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना, म्हणून तो तसाच हातात धरून उभा राहिला.

"गुरुवारी?" आईने विचारलं.

"दर गुरुवारी."

"मला सांगायचे, गुरुवारी अंक छापून निघतो, उशीर होतो."

"अंक बुधवारी निघायचा," मावशी म्हणाली.

"आणि घरी येऊन पुन्हा जेवायला बसायचे." आईचा आवाज हळूहळू चढत चालला. "माझ्यासमोर! पोटात दोन अंडी घेऊन! आणि पहिल्या घासाला म्हणायचे, आज आळणी झालंय."

"माझ्याकडे म्हणायचे, चिमणी काही मीठ घालू देत नाही."

आईने बहिणीकडे पाहिलं. आज दार उघडल्यापासून नीट असं ती पहिल्यांदाच बघत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला तिचा उजवा हात सवयीने वर आला, जड प्लास्टरसकट, तो अर्ध्यातच राहिला.

"लबाड माणूस," ती म्हणाली.

"पहिल्यापासूनच," मावशी म्हणाली, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली, बाह्या वर सारून नळाखाली हात धुवायला लागली.